सर्पदंश: अभ्यास 2011 चा, आराखडा 2024 चा. मधली वर्षं कुणाच्या हिशोबात?

वारणाकाठ (शिराळा): शेतीची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, पाय चिखलात. घोणस त्याच सरीत असते.

2011 साली एक अभ्यास आला. 2005 मध्ये देशात सर्पदंशानं सुमारे 46,000 माणसं गेली असा त्याचा अंदाज. दवाखान्यांच्या सरकारी नोंदींपेक्षा हे 30 पटींहून जास्त! आणि पाहणी कुणाची, तर जन्म-मृत्यूच्या नोंदी बघणाऱ्या सरकारच्याच महानिबंधक कार्यालयाची. तरी केंद्राचा कृती आराखडा यायला मार्च 2024 उजाडला. माझं म्हणणं एवढंच, असा अभ्यास आला की आरोग्य खात्यानं वर्षभरात लेखी सांगावं: हे करणार, किंवा या कारणासाठी करणार नाही.

पीएचसी_डॉक्टर: नाही पटलं. उपचाराच्या मार्गदर्शक सूचना केंद्रानं 2016 लाच काढल्यात. घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलंय का हे बघायला काचेच्या कोरड्या नळीत रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, गोठलं नाही तर सापाच्या विषावरची लस (अँटीव्हेनम) सुरू. मी होतो त्या केंद्रावर नळ्या प्लास्टिकच्या यायच्या, त्यात ही तपासणी भरवशाची होत नाही. सगळं अडतं ते अंमलबजावणीत.

वारणाकाठ: डॉक्टरसाहेब, काचेची नळी खरेदीच्या यादीत नसणं यालाच मी धोरण अडलं म्हणतो.

नियोजन_निवृत्त (सांगली): मृत्यूचं कारण घरच्यांना विचारून काढलेला आकडा आहे हा. त्यावर पैसे वळवले तर उद्या रेबीजवाले येतील, परवा फवारणीच्या विषबाधेवाले. सगळ्यांचंच खरं असतं, निधी मात्र तेवढाच. मला देशाचा आकडा नको. शिराळ्यात किती आणि जतला किती ते सांगा, मग तरतूद मागता येते.

मिरज_एमडी: काका, तापानं गेलं की कशानं, यात घरचे चुकतील. साप चावून माणूस गेला हे बहुतेकदा त्यांना नीट माहीत असतं.

जत-शिराळ्याचा आकडा हवा तर तो प्रश्न आधी खात्यानं विचारायला हवा. आम्ही प्रबंधाचे विषय आमचे आम्हीच शोधतो, प्रबंध कपाटात जातो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी दरवर्षी आपल्या अडचणींचे चार प्रश्न कॉलेजला दिले तर आम्ही त्यावरच काम करू. आणखी एक, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूलाही 2 लाख मिळतात. ते अर्ज कृषी खात्याकडे असतात. गावनिहाय लावले तरी पुष्कळ कळेल.

पीएचसी_डॉक्टर: डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडं विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, लॅन्सेटमध्ये छापलं. डॉक्टरांनी डॉक्टरांकडून शिकून घेतलं. आराखड्याची वाट बघत बसलं नाही कुणी.

वारणाकाठ: ती गोळी होती, स्वस्तातली. सापाला लस लागते, मण्यार चावली तर कृत्रिम श्वास लागतो, वेळेत 108 लागते. एकटा डॉक्टर कितीही जीव तोडून राबला तरी हे उभं करू शकत नाही.

नियोजन_निवृत्त: कृषी खात्याच्या अर्जांचं पटलं. जिल्हा नियोजन समितीपुढं असा कागद ठेवला तर बोलता येईल. पण ती योजना सातबारावाल्या घरांची. फडाशेजारी कोपीत जमिनीवर झोपणारे ऊसतोड मजूर त्यात येतच नाहीत, आणि मण्यार चावते ती झोपेत. @मिरज_एमडी, त्यांची मोजणी कशी करणार?