डॅनिश 'दातिद' आणि आपले 'गेलो होतो'

प्रश्न : डॅनिश शिकताना 'दातिद' आणि 'फोरदातिद' हे शब्द वारंवार येतात. त्यांचा नेमका अर्थ काय? 'काल मी एक चित्रपट पाहिला होता' हे वाक्य यांपैकी कोणत्या काळात सांगावे?

प्रतिसाद : या संज्ञा फार पारदर्शक आहेत. 'दा' म्हणजे तेव्हा, 'नु' म्हणजे आता, 'फोर' म्हणजे आधी आणि 'तिद' म्हणजे काळ. त्यामुळे 'नुतिद' हा आताचा काळ, 'दातिद' हा तेव्हाचा काळ आणि 'फोरदातिद' हा तेव्हाच्याही आधीचा काळ ठरतो. आपल्या व्याकरणातील साधा भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ ही नावे यांना चालतील, पण 'तेव्हाच्याही आधीचा' हा अर्थ मनात धरल्यास पुढची चूक टळते. (डॅनिश शब्द येथे बहुतांशी लेखनानुसार दिले आहेत.)

रूपांचा भाग पाठांतराचा आहे. 'बो' (राहणे) याचे 'बोएदे' होते, 'स्पिसे' (खाणे) याचे 'स्पिस्ते', तर 'स्क्रिवे' (लिहिणे) याला प्रत्ययच लागत नाही, आतला स्वर बदलून 'स्क्रेव' होते. 'जा'चे 'गेला' आणि 'ये'चे 'आला' करणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटू नये. उलट मी, ती, आम्ही या सर्वांसाठी एकच 'स्पिस्ते' पुरते. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, असा कर्माच्या लिंगाचा विचार करावा लागत नाही.

खरी अडचण आपल्या 'होतो'मध्ये आहे. काल घडून संपलेली गोष्ट आपण सहज 'बाजारात गेलो होतो', 'चित्रपट पाहिला होता' अशी सांगतो, आणि तिच्यानंतर दुसरे काही घडल्याचे सांगण्याची आपल्याला गरज वाटत नाही. कोपनहेगनमध्ये एका सहकारी बाईंना मी याच सवयीने 'याय हाव्दे सेत एन फिल्म इ गोर' (काल मी एक चित्रपट पाहिला होता) असे फोरदातिदमध्ये सांगितले, तेव्हा त्या कॉफीचा कप हातात धरून माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या, कारण 'हाव्दे सेत' ऐकल्यावर कशाच्या आधी पाहिला, हे कळणे त्यांना आवश्यक वाटत होते. तेथे दातिदमधले साधे 'याय सो एन फिल्म इ गोर' (काल मी एक चित्रपट पाहिला) हवे होते. 'हाव्दे' शोभते ते 'याय हाव्दे सेत फिल्मेन, फोर याय लेस्ते बोगेन' अशा वाक्यात, म्हणजे पुस्तक वाचण्याआधी मी चित्रपट पाहिला होता. तेव्हा आपले वाक्य दातिदमध्येच सांगावे.

पुन्हा प्रश्न : आणि 'गेला आहे' म्हणताना 'हार' (जवळ आहे) वापरावे की 'एर' (आहे)?

प्रतिसाद : 'गो' या एकाच क्रियापदात आपले चालणे आणि जाणे दोन्ही सामावतात, आणि अर्थाची निवड साहाय्यक क्रियापद करते. 'हान हार गोएत इ तो तिमर' म्हणजे तो दोन तास चालला आहे. येथे चालण्याच्या क्रियेकडे लक्ष आहे. 'हान एर गोएत' म्हणजे तो निघून गेला आहे, आता येथे नाही. प्रवास करणे या अर्थाच्या 'राय्से'लाही हाच भेद लागू होतो. म्हणून अशी क्रियापदे पाठ करताना सुटे रूप न घेता 'हार' किंवा 'एर' यांसह पूर्ण वाक्यच घ्यावे.