‘प्रकृती’ : कन्नड फलकावरची आणि मराठी दवाखान्यातली

प्रश्न (खानापूर)

आमच्या शाळेत ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी कन्नड आणि मराठी असा दुभाषी फलक करायचा होता. कन्नड ओळ ‘प्रकृतियन्नु रक्षिसि’ अशी होती आणि ती मराठीत उतरवताना मी ‘प्रकृतीचे रक्षण करा’ असे लिहिले. मुख्याध्यापकबाईंनी कागद वाचून ‘हा फलक शाळेचा की दवाखान्याचा?’ असे विचारले आणि ‘प्रकृती’ खोडून ‘निसर्ग’ केले. दुरुस्ती मला मान्य आहे. परंतु एकच संस्कृत शब्द कन्नडमध्ये निसर्ग आणि मराठीत तब्येत या अर्थाने का रुळला, आणि मराठीतला अर्थ हा मूळ अर्थापासून घसरलेला समजायचा काय, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (बेळगाव)

बाईंची दुरुस्ती योग्य आहे, पण मराठी अर्थ घसरलेला नाही. ‘प्रकृती’ म्हणजे एखाद्या गोष्टीची मूळची, न बिघडलेली स्थिती, आणि तिच्यापासून ढळणे म्हणजे ‘विकृती’. व्याकरणात प्रत्यय लागण्यापूर्वीच्या मूळ रूपालाही प्रकृतीच म्हणतात. सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी हा शब्द साऱ्या सृष्टीच्या मूळ कारणासाठी वापरला, आणि कन्नड-हिंदीतला निसर्ग हा अर्थ त्या बाजूला जवळचा आहे. वैद्यांनी तोच शब्द शरीराकडे नेला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘विकारो धातुवैषम्यं साम्यं प्रकृतिरुच्यते’ असे वचन आहे. धातूंचा, म्हणजे शरीर धारण करणाऱ्या घटकांचा, तोल बिघडणे हा विकार आणि तोल राहणे ही प्रकृती. ‘काकांची प्रकृती आता कशी आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा या वैद्यकीय अर्थाच्याच वाटेने चाललेलो असतो.

गंमत अशी की ज्या ‘तब्येत’ शब्दाने आपण प्रकृतीचा अर्थ सांगतो, त्याचा प्रवासही याच वळणाचा आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याच मुळातला ‘तबीआ’ हा शब्द अरबीत आजही निसर्गासाठी वापरतात. ग्रीक ‘फ्यूसिस’ म्हणजे निसर्ग; त्यातूनच इंग्रजीतले फिजिक्सही आले आणि फिजिशियनही.

व्यवहारात मात्र सांभाळावे लागते. कन्नडमध्ये ‘प्रकृती चिकित्से’ म्हणजे आपला निसर्गोपचार. तशी पाटी वाचून आत शिरलेल्या मराठी माणसाला आपली प्रकृती तपासून मिळेल असे वाटले, तर त्यात त्याची चूक नाही. माझा साधा नियम असा, की मागे षष्ठी असेल, म्हणजे आईची, बाळाची, आजोबांची, तर मराठीत प्रकृती म्हणजे आरोग्य किंवा देहस्वभाव. षष्ठी नसेल आणि तत्त्वज्ञानाचा संदर्भही नसेल, तर ‘निसर्ग’ लिहावे.

जोड (निपाणी)

षष्ठीचा नियम पटला, पण तो माणसांपुरता ठेवू नये. २०१५ पासून शेतकऱ्यांना जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टींची तपासणी असते. ‘मातीचे आरोग्य’ हा शब्दप्रयोग मला सरकारी वाटतो. आमच्याकडे तंबाखू आणि ऊस करणारी माणसे जमिनीचा कस गेला किंवा जमीन चोपण (क्षारांमुळे घट्ट व नापीक) झाली असे म्हणतात, आणि त्या प्रत्येक शब्दाला स्वतःचा नेमका अर्थ आहे. मात्र या सगळ्यांना पोटात घेणारा एक शब्द हवा असेल, तर ‘जमिनीची प्रकृती’ मला ‘मृदा आरोग्या’पेक्षा अधिक मराठी वाटते.

पुन्हा खानापूर

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. माझा पुढचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, प्राणी आरोग्याची जागतिक संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या चार संस्थांनी २०२१ मध्ये ‘वन हेल्थ’ची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात माणसे, प्राणी आणि परिसंस्था यांच्या आरोग्याचा तोल टिकाऊपणे साधण्याची भाषा आहे. मराठीत तिला ‘एक आरोग्य’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

आम्हाला हा विषय लांबचा नाही. माकडताप, म्हणजे कन्नडमधली ‘मंगन कायिले’, १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो चोर्ला घाटाखालच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आढळला. नाव माकडाचे असले तरी माणसाला तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि माकडे स्वतःच त्याने मरतात. दोन्ही भाषांनी त्या जनावरावर अन्यायच केला आहे. पश्चिम घाटातल्या या रोगावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ओलसर सदाहरित जंगल आणि बागायती लागवड यांची सरमिसळ आहे आणि गावठी गुरे अधिक आहेत, अशा ठिकाणी धोका जास्त दिसला. म्हणजे रानाची मोडतोड, गोठ्यातली गुरे आणि घरातला ताप यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. अशा वेळी ‘माणसाची, जनावरांची आणि रानाची प्रकृती’ असे लिहिले तर चालेल काय?

उत्तर (बेळगाव)

चालेल, आणि ‘एक आरोग्या’पेक्षा बरे वाचले जाईल. फक्त त्यावरून चरकांनी हे आधीच सांगितले होते असे कोणी म्हणू नये. त्या वचनातले धातू शरीरातले आहेत, रानातले नाहीत. शब्दाने वाट करून दिली आहे, एवढेच.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. मराठीत प्रकृती सांभाळतात, जपतात, तिला पथ्याने राखतात. तिचे ‘रक्षण’ कोणी करत नाही. आपली पहिली ओळ बाईंना खटकली, त्याला नामाइतकेच ‘रक्षिसि’वरून थेट आलेले हे क्रियापदही कारण असावे. नव्या ओळीत ‘सांभाळा’ ठेवावे.