मदत हवी आहे: ८ जूनला मॅच्युअर होणारं ट्रेझरी बिल आणि अमेरिकेची कर्जमर्यादा

२४ मे २०२३

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीतून लिहितेय. डिसेंबरमध्ये २६ आठवड्यांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी उसने पैसे दिल्याचा रोखा, घेतलं होतं. ते ८ जूनला मॅच्युअर होतंय, म्हणजे त्या दिवशी पैसे परत मिळायचे. वीस हजार डॉलर आहेत, लेकीच्या कॉलेजच्या पहिल्या सत्रासाठी बाजूला काढलेले. सरकारी कागद आहे, बुडायची भीती नाही, एवढाच विचार तेव्हा केला. आता ट्रेझरी सेक्रेटरी (इथल्या अर्थमंत्री) जॅनेट येलेन यांनी सोमवारी पुन्हा काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कळवलंय की कर्जमर्यादा (सरकारला एकूण किती कर्ज काढता येईल याची कायद्याने घातलेली मर्यादा) वाढली नाही तर १ जूनपासूनच सगळी देणी भागवायला पैसे कमी पडू शकतात.

दुसरी काळजी आईची. तिचा जन्म ९ तारखेचा, म्हणून सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी येते. त्या सकाळी चहाच्याही आधी ती बँकेला फोन लावते आणि ऐकलेली रक्कम कालनिर्णयाच्या त्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते. काल तिने जूनचं पान उलटून १४ च्या चौकोनात आधीच प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ते पाहिल्यापासून मला चैन नाही.

मला समजलंय ते असं, चुकत असेन तर सांगा. ३१.४ ट्रिलियन डॉलरची मर्यादा १९ जानेवारीलाच गाठली गेली. तेव्हापासून ट्रेझरी (अर्थखातं) सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडातली नवी गुंतवणूक थांबवून दिवस काढतंय. मर्यादा वाढवली म्हणून नवा खर्च मंजूर होत नाही. काँग्रेसनेच आधी मंजूर केलेले पगार, पेन्शनी, व्याज भागवण्यापुरती उधारी काढता येते. महिनाभर वाण्याकडून सामान आणायचं आणि शेवटी त्याला सांगायचं, वहीत एवढंच लिहायचं ठरलं होतं! ऑफिसात हे समजावताना माझी दमछाक झाली. बहुतेकांना वाटतं बायडनना उधळायला आणखी पैसे हवेत.

जाणकारांना विचारायचंय: तिजोरीत कमी पडलं तर आधी कोणाला द्यायचं हे कुठे ठरलंय का? आणि बिल आत्ताच विकून टाकू का? जूनच्या सुरुवातीच्या बिलांवरचा दर ७ टक्क्यांपर्यंत चढलाय, आणि दर चढला की बिलाची किंमत उतरते. आज विकलं तर साठेक डॉलर कमी मिळतील.

प्रतिसाद १

ताई, घाईने विकू नका. कोणाला आधी द्यायचं याचा कायदा नाही. पण २०११ मध्ये कर्जमर्यादेचा असाच पेच होता, तेव्हा फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) बैठकांत जी तयारी झाली, ती पुढे प्रसिद्ध झालेल्या इतिवृत्तांत वाचायला मिळते. रोख्यांचं मुद्दल आणि व्याज वेळेवर द्यायचं, बाकीची देणी त्या दिवसाची पूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबवायची, असा बेत होता. म्हणजे तुमच्या बिलापेक्षा आईंच्या पेन्शनला उशीर व्हायची शक्यता जास्त. आईंच्या खात्यात महिन्याभराचा खर्च आहे ना, ते आधी बघा.

प्रतिसाद २

१९७९ च्या एप्रिल-मेमध्ये छोट्या गुंतवणूकदारांच्या काही ट्रेझरी बिलांचे चेक खरंच उशिरा निघाले होते. मर्यादा ऐन वेळी वाढवली होती, त्यात कागदपत्रं छापणारी यंत्रं बिघडली. पैसे बुडाले नाहीत, पण वाट पाहावी लागली. कॉलेजची फी कधी भरायचीय? ऑगस्टमध्ये असेल तर मी तरी बिल ठेवलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती, २४ मे, रात्री

दोघांचे मनापासून आभार. फी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे, बिल ठेवतेय. आईच्या खात्यात आजच दोन हजार टाकले. तिला उशिराबद्दल सांगितलं तर म्हणाली, "उशीर चालेल गं, पण तो किती दिवसांचा हे कुणी सांगेल का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अपडेट, ८ जून

१ जूनला रात्री सिनेटने (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने) ६३ विरुद्ध ३६ मतांनी कर्जमर्यादेचं विधेयक मंजूर केलं, ३ तारखेला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित. आज बिलाचे पूर्ण वीस हजार जमा झाले. आईने प्रश्नचिन्ह अजून खोडलेलं नाही, म्हणते १४ ला फोन केल्यावरच खोडेन.