सावळी की काळी? फँटसीतल्या नायिकेचं वर्णन मराठीत करताना

म्हापसा: वाचनकट्ट्यासाठी इंग्रजी फँटसीतला उतारा मराठीत करतेय. नायिका कृष्णवर्णीय आहे. 'डार्क ब्राऊन स्किन'ला 'सावळी' चालेल का? आणि असं पात्र नीट लिहिलंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

फोंडा: 'सावळी' नको. वाचकाला विठोबा आठवतो, नाहीतर स्थळांच्या जाहिराती. 'गडद तपकिरी कांतीची' किंवा सरळ 'काळी' लिहा. चॉकलेट-कॉफीच्या उपमा टाळा, त्यात माणसाची खाण्याची वस्तू होते. आपल्या गोव्यातला 'खाप्री' तर मुळीच नको. पोर्तुगीज काळात आफ्रिकी गुलामांना तसं म्हणत. केसांचंही तेच. लॉक्सना, म्हणजे घट्ट वळलेल्या केसांच्या बटांना, 'जटा' म्हटलं की डोळ्यांपुढे जोगतीण येते. 'दोरासारखे वळलेले केस' बरं.

मडगाव: पात्राबद्दल सांगतो. तिला काढून टाकलं तर कथा अडते का, एवढं आधी बघा. बहुतेकदा ती गोऱ्या नायिकेची समंजस मैत्रीण असते आणि मध्यावर मरते, कारण नायिकेला सूडाचं निमित्त हवं असतं. किंवा ती इतकी कणखर रंगवतात, की तिला दुखतच नाही. हे मला जास्त घातक वाटतं. एन. के. जेमिसिन यांच्या 'द फिफ्थ सीझन'मधली (२०१५) एसुन वाचाच: चाळिशीतली आई, भूकंप थोपवणारी, रागावणारी, चुकणारी. ही कादंबरी एका त्रयीतली पहिली; त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ सलग ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीसाठीचा पुरस्कार मिळाला.

म्हापसा: 'गडद तपकिरी' ठेवते. 'जटा' दोनदा आलंय, तेही बदलते.