थकलेल्या सहकाऱ्यांना पुन्हा उभारी कशी आली? सातारा-सांगलीचे अनुभव

मी सांगलीत एका पतसंस्थेची शाखा सांभाळते. मार्चअखेर संपली की हिशेब जुळतात, पण माणसे मात्र महिनाभर मलूल राहतात. अशा वेळी प्रेरणादायी व्याख्यान ठेवण्याची सूचना हमखास येते. माझे मत असे आहे की थकवा कामाच्या रचनेतून आलेला असेल तर उभारीही त्याच रचनेत शोधावी लागते. म्हणून विनंती आहे की आपल्या ठिकाणी नेमके काय बदलले, तो निर्णय कोणी घेतला आणि त्याचा परिणाम काय दिसला, एवढे सविस्तर लिहावे. आलेली उत्तरे खाली कामाच्या ठिकाणानुसार दिली आहेत.

साखर कारखाना, वाळवा तालुका

गळीत हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडते त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात बारा हत्तींचे बळ असते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत मिल हाऊसपासून (जिथे ऊस पिळतात) पॅन हाऊसपर्यंत (जिथे पॅन नावाच्या मोठ्या भांड्यात रस आटवून साखरेचा दाणा तयार करतात) सगळ्यांचे डोळे खोल गेलेले असतात. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका त्याचा साखरेचा उतारा घटतो, त्यामुळे गाळप थांबवून विश्रांती देणे शक्य नसते. ती पाळ्यांमधूनच काढावी लागते. आमच्याकडे पाळ्या उलट्या क्रमाने फिरत असत, म्हणजे दुपारी ४ ते रात्री १२ ही पाळी करून सुटलेला माणूस पाळी बदलली की दुसऱ्याच सकाळी ८ वाजता पुन्हा हजर असे. जाण्यायेण्याचा वेळ आणि जेवण वजा केले तर त्याला धड पाच तासांची झोपही मिळत नसे. याचा परिणाम पॅनवर स्पष्ट दिसायचा. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडाकडे धरून साखरेचा दाणा पाहतो; झोप झाली नसेल तर नको असलेला बारीक दाणा त्याच्या नजरेतून निसटतो आणि मग तो धुऊन काढण्यात वाफ आणि वेळ दोन्ही जातात.

कामगार प्रतिनिधींनी हा मुद्दा बैठकीत मांडला आणि मुख्य अभियंत्यांनी क्रम सुलटा केला: सकाळ, मग दुपार, मग रात्र. पाळी बदलताना आता चोवीस तास मोकळे मिळतात. उशिरा झोपून उशिरा उठणे शरीराला सोपे जाते, लवकर झोपायला भाग पाडणे अवघड, हे सर्वांनाच जाणवले. पगार तोच, माणसे तितकीच, खर्च शून्य. तरीही पाळी सुटताना होणाऱ्या कुरबुरी पुष्कळ कमी झाल्या.

रुग्णालय, मिरज

मी परिचारिका आहे. रात्रपाळीचा खरा शीण सकाळी ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना येतो, कारण एकेका रुग्णाची माहिती सांगत असताना नातेवाईक, डॉक्टर आणि फोन हे तिन्ही एकदम सुरू असतात आणि सुटायची वेळ होऊनही सुटका होत नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी त्या वेळेपुरती एक सहकारी फक्त नातेवाइकांसाठी वॉर्डाच्या दाराशी नेमली. शिवाय रात्री एखादा रुग्ण दगावला असेल तर ओव्हरनंतर त्या सिस्टरपाशी बसून चहा घ्यायचा आणि ती जे बोलेल ते मध्ये न बोलता ऐकायचे, ही पद्धत त्यांनीच पाडली. कोरोनाच्या काळात आम्ही कामावर टिकलो त्यात या चहाचा वाटा फार मोठा आहे.

यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना, सातारा औद्योगिक वसाहत

आमच्या विभागात सुटे भाग वाहून नेणाऱ्या ट्रॉलीचे पुढचे चाक अडकायचे. दर खेपेला कंबर वाकवून, पायाने रेटा देऊन ती ढकलावी लागे. नवीन पर्यवेक्षक आले, त्यांनी पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एकच प्रश्न विचारला: काल काम कशामुळे अडले? तिसऱ्यांदा ट्रॉलीचे नाव निघाले तेव्हा त्यांनी स्वतः ती ढकलून पाहिली आणि दुपारपर्यंत चारही चाके बदलून घेतली. त्यानंतर लोक आपणहून अडचणी सांगू लागले. सांगितलेले ऐकले जाते, याची खात्री हे त्या आठवड्याचे खरे फळ होते.

खासगी कार्यालय, सातारा

एक वेगळा अनुभव नोंदवतो. उत्साह वाढावा म्हणून आमच्या कार्यालयाने सप्टेंबरमधल्या एका रविवारी कासची सहल काढली आणि उपस्थिती सक्तीची केली. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि फुलांच्या दिवसांत रविवारी तिथे किती गर्दी होते, हे सातारकरांना सांगायला नको. आठवड्याची एकुलती एक सुट्टी वाहनांच्या रांगेत गेली, घरी लहान मुले असलेल्या सहकाऱ्यांची विशेष ओढाताण झाली आणि सोमवारी सगळे अधिकच दमलेले होते. सहल वाईट नव्हती; ती आमच्या वेळेतून काढली हे वाईट. पुढच्या वर्षी ती कामाच्या दिवशी, ऐच्छिक आणि कुटुंबासह ठेवली, तेव्हा न सांगता सगळे आले.

माध्यमिक शाळा, तासगाव तालुका

मुख्याध्यापकांनी ऑनलाइन माहिती भरण्याचे काम सर्वांवर न लादता दोघांकडे दिले आणि त्यांचे तास कमी केले. बाकीच्यांना शिकवायला मोकळीक मिळाली. एवढेच पुरले.

दुकान, सांगली बाजारपेठ

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला आमचे कामगार आले, पण त्यांचीही घरे बुडालेली होती. मालकांनी आधी सर्वांना त्या महिन्याचा पूर्ण पगार हातात दिला, मग आम्ही सगळे मिळून रोज एका कामगाराचे घर धुऊन काढले आणि दुकान शेवटी उघडले. व्यवहार म्हणून हे तोट्याचे वाटेल. परंतु २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा माल वरच्या मजल्यावर हलवायला निरोप देण्याआधीच माणसे दारात उभी होती.

आरोग्य कर्मचारी, फलटण तालुका

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आमच्या भागातून जाते तेव्हा दिवसरात्र पायांचे फोड, जुलाब, ताप यांचे रुग्ण पाहावे लागतात आणि पालखी पुढे गेली की नेहमीची ओपीडी लगेच सुरू होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: पालखी गेल्यानंतरची ओपीडी शेजारच्या केंद्रांतील सहकाऱ्यांनी आळीपाळीने पाहायची आणि मुक्कामाच्या रात्री प्रत्येकाला दर्शनासाठी तासभर सोडायचे. पूर्वी या ड्युटीसाठी नावे सक्तीने घालावी लागत. आता ज्येष्ठ लागला की कोणाची पाळी कुठे, हे लोकच विचारायला येतात.