कोनशिलेचं साल मंडळीचं नव्हे

चर्चच्या कोनशिलेवर एक साल, ट्रस्टच्या कागदावर दुसरं, मग मंडळीचं, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या समूहाचं, शतक कुठून मोजायचं, असा प्रश्न पडतो. दोन्ही धरू नका. कोनशिला इमारतीची, मंडळी बहुधा त्याआधीच कुणाच्या घरी किंवा शाळेच्या खोलीत जमत असते. ट्रस्टची नोंदणी तर १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतरची. पुण्यात आणखी एक घोळ होतो: २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन पंथांच्या जुन्या मंडळ्या त्यात आल्या. पाटी बदलली, माणसं तीच राहिली.

खरा आधार बाप्तिस्म्याचं रजिस्टर. सगळ्यात जुना खंड काढा. तारीख, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, धंदा, पाळकाची (पाद्र्याची) सही, बहुतेकदा एकाच ओळीत मिळतं. अनुक्रमांक १ पासून नसेल तर आधीचा खंड वेगळा आहे. मातृमंडळीच्या, म्हणजे ज्या जुन्या मंडळीतून तुमची निघाली तिच्या, कपाटात शोधा. प्रौढांच्या नोंदीतली तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. इथे हमखास चूक होते. जुन्या सह्या मोडी लिपीत असतील तर वाचणारा सोबत न्या.

आणि कृपा करून झेरॉक्सच्या काचेवर खंड उपडा दाबू नका, शिवण उसवते. वरून मोबाईलने एकेक पान टिपा.