मदत हवी आहे: कम्युनिटी कॉइनसाठी युजर आणि डेव्हलपर कुठून आणायचे?

नोडवाला_नाशिक
नमस्कार मंडळी. आमचं एक कम्युनिटी कॉइन आहे. कंपनी नाही, सीईओ नाही, प्रीमाइन (सुरू करणाऱ्यांनी आधीच स्वतःसाठी काढून ठेवलेली नाणी) नाही, सगळं हौशी लोकं चालवतात. टेलिग्रामवर माणसं येतात, दोन दिवस "एक्स्चेंजवर लिस्टिंग कधी, लिस्टिंग कधी" करतात आणि गायब, आणि कोड लिहायला तर कोणी फिरकतच नाही. मीम स्पर्धा घेतली, स्टिकर छापले, ट्विटरवर रोज पोस्ट टाकतोय, तरी सगळं ढिम्म. शनिवारी कम्युनिटी कॉल आहे, त्यात प्लॅन मांडायचाय, त्यामुळे जरा लवकर सांगा. "क्रिप्टो म्हणजे जुगार" हे प्रवचन नको, ते घरी रोज ऐकतो.

चहाबाज
कुठलं कॉइन? स्वतःची ब्लॉकचेन की इथेरियमवरचं टोकन? कोड मर्ज करायचा (मुख्य कोडमध्ये घ्यायचा) अधिकार किती जणांकडे? काहीच सांगितलं नाहीत तर आम्ही काय सांगणार, कप्पाळ?

नोडवाला_नाशिक
नाव टाकलं की जाहिरात म्हणून धागा उडवतील. नावाने काय फरक पडतो, उपाय सांगा ना.

सातारी_मिरची
एअरड्रॉप करा भाऊ, कॉइन फुकट वाटा. फुकट मिळालं की पब्लिक तुटून पडते. आमच्या ग्रुपात असंच झालं, एका रात्रीत हजारो मेंबर.

चहाबाज
@सातारी_मिरची, आणि त्यातले आज किती बोलतात तिथे?

सातारी_मिरची
ते माहीत नाही, मी विकून बाहेर पडलो.

खवट_काका
धाग्याचं उत्तर वरच मिळालं की 😀 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_मायनर
एअरड्रॉपने युजर येत नाहीत, विकणारे येतात. डोजकॉइन आठवा. डिसेंबर २०१३ ला थट्टा म्हणून सुरू झालं, पण रेडिटवर लोकं एकमेकांना टिप द्यायला वापरायची. २०१४ मध्ये जमैकाच्या बॉबस्लेड टीमला ऑलिम्पिकला पाठवायला त्याच लोकांनी पैसे जमवले. म्हणजे कॉइन हातात आल्यावर करायला काहीतरी होतं. तुमच्याकडे काय आहे करायला? आणि प्रूफ ऑफ वर्क असेल, म्हणजे मायनिंगच्या मशिनवर चेन चालत असेल, तर हॅशरेट (त्या मशिनची एकूण ताकद) किती? छोट्या चेनवर ५१ टक्के हल्ला, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद हातात घेऊन व्यवहार उलटवणं, भाड्याच्या मशिनवर होतो. बिटकॉइन गोल्डवर २०१८ मध्ये झाला, इथेरियम क्लासिकवर तर २०२० च्या एका ऑगस्टमध्ये तीनदा. डोजने २०१४ लाच लाइटकॉइनबरोबर मर्ज मायनिंग (एकाच मशिनने दोन्ही चेनचं मायनिंग) सुरू केलं म्हणून तगलं.

नोडवाला_नाशिक
लाइटकॉइनच्याच कोडवरून बनवलेला फोर्क आहे आमचा, मायनिंगचा अल्गोरिदम scrypt. मर्ज मायनिंग नाही. पण मायनिंगचं मी विचारलंच नाहीये, डेव्हलपर कसे आणायचे ते बोला.

जुना_मायनर
हेच आधी सांगायचं ना राव.

गुप्तधन
मोनेरो कॉइनचं मॉडेल उचला, विषय संपला. २०१४ मध्ये सुरू करणाऱ्याशी पटेना म्हणून लोकांनी प्रोजेक्टच ताब्यात घेतला. प्रीमाइन नाही, तरी डेव्हलपरना पैसे मिळतात. काम करणारा प्रस्ताव लिहितो, किती पैसे आणि काय करणार ते सांगतो, चर्चेत लोकं त्याची सालं काढतात, मग देणगी जमते आणि टप्पा पूर्ण झाला की हप्ता. सीसीएस, म्हणजे कम्युनिटी क्राउडफंडिंग सिस्टिम, म्हणतात त्याला.

चहाबाज
आणि त्याच सीसीएसचं वॉलेट सप्टेंबर २०२३ मध्ये कोणीतरी साफ केलं, २६७५ मोनेरो. सीड (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) फक्त दोघांकडे होतं. फंड काढणार असाल तर पहिल्या दिवसापासून मल्टिसिग करा, म्हणजे एकट्याच्या सहीने पैसे हलणार नाहीत.

गुप्तधन
एका चोरीवरून अख्खी पद्धत वाईट ठरत नाही.

चहाबाज
वाईट कुठे म्हणालो? किल्ली कोणाकडे ते आधी ठरवा म्हणालो.

हिशेबनीस
बाउंटी (कामाचं बक्षीस) कॉइनमध्ये देणार असाल तर भारतातल्या पोरांना नीट सांगा. कामाबद्दल कॉइन मिळालं की त्या दिवसाच्या भावाने ते उत्पन्न. पुढे नफ्यात विकलं तर एप्रिल २०२२ पासून त्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. १ टक्का टीडीएस वेगळा. आमच्याकडे मार्चमध्ये रडत येतात लोकं.

मेव्हण्याचा_भाऊजी
तज्ज्ञ मंडळी आहेत म्हणून विचारतो, बिटकॉइन आत्ता घ्यावं की थांबावं? मेव्हणा रोज डोकं खातोय.

खवट_काका
मेव्हणा बदला.

कोडवाली_ताई
नोडवाला, व्यनिमधून (खासगी निरोपातून) लिंक दिलीत तशी कोडची रेपो बघितली. उबुंटूवर बिल्ड करायला घेतलं तर कॉन्फिगरलाच आपटलं, बर्कली डीबी ४.८ (वॉलेटची माहिती ठेवणारा जुना डेटाबेस) मागतंय, जी उबुंटूच्या रेपोत मिळत नाही. तुमच्या रीडमीत त्याचा उल्लेख नाही. इश्यूत कोणीतरी हेच विचारलंय, खाली तीन जणांनी "सेम हिअर" लिहिलंय आणि उत्तर कोणीच दिलेलं नाही. शिवाय दोन पुल रिक्वेस्ट (बाहेरच्यांनी पाठवलेले कोडमधले बदल) पडून आहेत, त्यातली एक तर नुसती मराठी भाषांतराची फाइल आहे. ज्याने ती पाठवली तो तुमचा डेव्हलपर होता, आलेला होता, त्याला कोणी "थँक्यू" पण म्हटलं नाही. स्टिकर कसले छापताय?

सातारी_मिरची
ताई बरोबर आहेत पण भाव वाढल्याशिवाय डेव्हलपर येत नाही, लिहून घ्या.

जुना_मायनर
उलटं आहे. मंदीत जे टिकून काम करतात तेच खरे.

सातारी_मिरची
टिकून खायचं काय?

नोडवाला_नाशिक
@कोडवाली_ताई, मर्ज करायचा अधिकार एकाकडेच आहे, तो कॅनडात असतो आणि हल्ली ऑनलाइन फारसा नसतो. बिल्डसाठी आम्ही इनकम्पॅटिबल-बीडीबी वाला फ्लॅग देतो, म्हणजे ४.८ ऐवजी दुसरी बर्कली डीबी चालते, सगळ्यांना माहीत आहे ते.

कोडवाली_ताई
सगळ्यांना म्हणजे तुम्हा जुन्या लोकांना. आणि त्या फ्लॅगने बनवलेल्या क्लायंटमधलं वॉलेट तुमच्या वेबसाइटवरच्या ४.८ वाल्या रिलीजमध्ये उघडणार नाही, हे तरी रीडमीत ठळक लिहा, नाहीतर कोणाचे तरी पैसे अडकल्यासारखे दिसतील आणि तो टेलिग्रामवर बोंबलत येईल. शनिवारी दोनच गोष्टी मांडा. अजून दोघांना मर्जचा अधिकार, आणि कोऱ्या मशिनवर पहिल्या ओळीपासून चालणारी बिल्डची पानं. ती पानं मी लिहून देते, पण पुल रिक्वेस्ट बघणार कोण ते आधी सांगा.

नोडवाला_नाशिक
कॅनडावाल्याला मेसेज टाकलाय. तिकडे पहाट आहे, उठला की कळवतो.

मेव्हण्याचा_भाऊजी
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का?